खिडकी काऊन अडखळते

सुनयना वाघमारे आमच्या शाळेत ज्युनिअर असिस्टंट म्हणून आल्या तेव्हा त्यांचं वय बेचाळीस होतं आणि संगणकावर टायपिंगपलीकडे त्यांना फारसं काही येत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आता आमच्या तेलंगणातल्या तलमडुगू मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, शाळांमध्ये लोकांचा समज आहे की बाई हैदराबादेत कुठला तरी मोठा कोर्स करून आल्या. तसं काही नव्हतं. त्या आल्या त्या एक सवय घेऊन. एखादी गोष्ट चालेनाशी झाली की आपण विचारतो, आता काय करायचं? बाई विचारायच्या, ‘काऊन?’ म्हणजे, का?

मी, सुधाकर, त्याच शाळेत मराठी शिकवतो. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची. कचेरीचे कागद तेलुगूत, मुलांच्या घरची भाषा मराठी आणि संगणकाच्या पडद्यावर सगळं इंग्रजी.

बाईंचे वडील दौलत मंडळ कचेरीत अटेंडर, म्हणजे शिपाई होते. बाईंचे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले. सरकारी नोकरीत गेलेले घरातले पहिले दौलतच. सुट्टीच्या दिवसांत ते लेकीला कचेरीत घेऊन जात आणि टायपिस्टच्या खोलीत बसवत. तिथे आठ वर्षांच्या सुनयनानं टायपिस्टला विचारलं होतं की टाइपरायटरवर अक्षरं एबीसीडी अशी ओळीनं काऊन नाहीत. टायपिस्ट म्हणाला, “असंच राहते.” हा प्रसंग त्यांनी मला तीन-चारदा तरी सांगितला असेल. टायपिस्टला उत्तर माहीत नव्हतं याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. बावीस वर्षं ती यंत्रं बडवून त्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, याचं नवल त्यांना अजून वाटतं.

शाळेला एका संस्थेकडून एक चांगला संगणक आणि एक प्रोजेक्टर मिळाला. त्याआधीचे आठ संगणक होते, पण त्यातला एकही सुरू होत नव्हता. संगणकाच्या शिक्षकाची जागा रिकामी. बाईंनी हेडमास्तर भगवानराव यांना विचारून गुरुवारचा शेवटचा तास मागून घेतला. भगवानरावांनी परवानगी दिली, पण एका अटीवर.

“बाई, शिकवा तुमी. पण त्या मशीनमधलं काईच बदलायचं नाई. साऱ्या पोरांची माहिती त्याच्यात हाय, स्कॉलरशिपचे फॉर्म त्याच्यात हायेत. एक गोष्ट इकडची तिकडे झाली तर मंडळाले उत्तर मले द्यावं लागते.”

अट रास्त होती. पण बाईंना मुलांना मराठीतला संगणक दाखवायचा होता. संगणक चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली मराठीत लावता येते, हे त्यांनी आदिलाबादच्या एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. तिथेच त्यांनी शिकवणाऱ्याला गाठून विचारलं, की संगणकाला हात न लावता त्यात दुसरी प्रणाली कशी घालायची? त्यानं व्हर्च्युअल मशीनची माहिती दिली. संगणकाच्या आत एका प्रोग्रामच्या पोटात दुसरा संगणक चालवायचा. आतल्याला वाटतं आपण खरा संगणक आहोत, आणि आत काही मोडलं तरी बाहेरच्याला धक्का लागत नाही. भगवानरावांना हे पटलं.

मोबाइलच्या नेटवरून सगळं उतरवून घ्यायला आठवडा गेला. पुढच्या गुरुवारी प्रोजेक्टरवर पहिल्यांदा मराठी पडदा उमटला. आठवीतली मुलं मोठ्यानं वाचायला लागली: ‘धारिका’, ‘संपादन’, ‘कचरापेटी’. ‘कचरापेटी’ला वर्ग हसला. मग बाईंनी एक खिडकी उघडली आणि पुन्हा हशा झाला, पण हा हशा वेगळा होता. खिडकी सरळ उघडतच नव्हती. थोडी दिसायची, थांबायची, मग एक हिसका, मग आणखी एक. माऊसनं ओढली तर माऊस पुढे जायचा आणि खिडकी मागून धापा टाकत यायची.

“बाई, हा झोपेत चालून राह्यला!” मागून एक मुलगी ओरडली.

बाईंनी आदिलाबादला संगणकाचं दुकान चालवणाऱ्या विनयला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

“मॅडम, वो सब दिखावा है,” विनय म्हणाला. “खिडकी का फिसलना, मेनू का धीरे से आना. इफेक्ट बंद कर दो, खतम.”

बाईंनी इफेक्ट बंद केले. खिडक्या चटकन उघडू लागल्या. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. पण पुढच्याच गुरुवारी चंदा नावाची आठवीतली मुलगी रडायला लागली. तिनं तासभर खपून एक चित्र काढलं होतं, आणि चुकून खिडकी लहान करायचं बटण तिच्याकडून दाबलं गेलं. चित्र एका क्षणात नाहीसं झालं. ते खालच्या पट्टीत गेलं आहे, हे तिला कळायला मार्ग नव्हता. इफेक्ट चालू असते तर खिडकी आक्रसत खाली जाताना तिला डोळ्यांनी दिसली असती.

तास संपल्यावर बाईंनी तेच बटण दोन-तीनदा दाबून पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

“सर, तो विनय दिखावा म्हणला. दिखावा नाई हाय तो. वस्तू कुठं गेली हे दाखवाले ठेवलं हाय ते.”

“मग आता?”

“आता कळलं पाह्यजे, हे अडखळते काऊन. शेजारी बाहेरच्या खिडक्या तर लोण्यासारख्या सरकतात. मशीन तेच, पडदा तोच.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी इफेक्ट पुन्हा चालू केले, शंभर पानी वही आणली आणि एक पद्धत बसवली. आतल्या पडद्यावर एक खिडकी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत दोन सेकंदांत ओढायची. ते मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपायचं. मग चित्रफीत पुढे सरकवत मोजायचं की वाटेत खिडकी किती ठिकाणी दिसली. आतल्या संगणकाची ती पहिली मोजणी नऊ आली. दोन सेकंदांत फक्त नऊ ठिकाणी. बाहेरची खिडकी त्याच अंतरात शंभराच्या वर ठिकाणी दिसली. तिथे बाईंनी मोजणं सोडून दिलं.

एका वेळी एकच बदल, हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम. आधी आतल्या संगणकाला दिलेली मेमरी दोनाची चार जीबी केली. मोजणी नऊच. मी म्हटलं, “वाया गेलं.”

“वाया कसं?” त्या म्हणाल्या. “मेमरी कमी पडून नाई राह्यली, हे कळलं ना.”

मग प्रोसेसरचा एक भाग दिला होता, त्याऐवजी तीन दिले. मोजणी चौदा झाली. मला आनंद झाला, बाई मात्र विचारात पडल्या. खिडकी हलवताना संगणकाचा पंखा एकदम जोरात फिरायला लागत होता. हात थांबवला की पंखाही मंद. त्यांनी मला मुद्दाम बोलावून ते ऐकवलं.

“सर, ऐका. नुसती खिडकी सरकवाले प्रोसेसरले एवढा घाम काऊन फुटून राह्यला? चित्र काढाचं काम त्याचं हाय का?”

प्रश्न बरोबर होता. संगणकात चित्रं काढायला ग्राफिक्सचा वेगळा भाग असतो. बाईंनी आतल्या संगणकाच्या माहितीचं पान उघडलं. ग्राफिक्ससमोर एक विचित्र नाव होतं. त्यांनी ते देवनागरीत वहीत उतरवलं: एलएलव्हीएमपाइप. चार दिवस त्या ते नाव घेऊन जिथं मिळेल तिथं वाचत होत्या. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये आल्या त्या हसतच.

“सापडलं. हा ग्राफिक्सचा भाग नाईच. आतल्या संगणकाले ग्राफिक्सचा भाग दिसूनच नाई राह्यला, म्हणून तो बिचारा एक एक ठिपका प्रोसेसरकडून रंगवून घेऊन राह्यला. तीन प्रोसेसर दिले तर तीन जण रंगवाले बसले, म्हणून चौदा झालं.”

वहीतली चौदाची मोजणी आणि पंख्याचा आवाज, दोन्हींचा उलगडा एका वाक्यात झाला. खरं सांगतो, त्या दिवसापासून मलाही या प्रकरणाची गोडी लागली.

व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये थ्रीडी प्रवेगाची एक चौकट होती. ती निवडली की बाहेरचा ग्राफिक्सचा भाग आतल्याला वापरता येतो. बाईंनी खूण केली, चित्रांसाठीची मेमरी सोळा एमबीवरून एकशे अठ्ठावीसवर नेली आणि आतला संगणक सुरू केला. पडदा काळा झाला. काळाच राहिला.

नेमके तेव्हाच भगवानराव दारातून आत डोकावले.

“बाई, मशीन बंद पडलं का?”

“आतलं पडलं सर, बाहेरचं नाई,” बाई म्हणाल्या, आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींची फाईल उघडून दाखवली. भगवानरावांनी ती खालपर्यंत पाहिली, मान हलवली आणि गेले. पण त्यांच्या कपाळावरची आठी मी पाहिली होती. मी बाईंना म्हटलं, आता सोडा. त्यांनी खूण काढली, आतला संगणक पूर्ववत आणला आणि वहीत तारीख घालून लिहिलं: ‘काळा पडदा. भाग दिसला, पण त्याच्याशी बोलता आलं नाही?’ शेवटच्या प्रश्नचिन्हावर त्यांनी पेन दोनदा फिरवला.

तो अंदाज खरा निघाला. आतल्या संगणकालाही स्वतःचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे ग्राफिक्सच्या भागाशी बोलणारा मधला माणूस. तो लिनक्सबरोबर आपोआप आलेला होता, पण बाहेरच्या प्रोग्रामपेक्षा जुन्या आवृत्तीचा. दोघांचं जुळत नव्हतं. बाईंनी जुना काढला, बाहेरच्या प्रोग्रामसोबतचा जुळणारा घालायला घेतला. पहिल्या खेपेला तो बसेना. लागणारी काही साधनं आत नव्हती. ती उतरवली, दुसऱ्या खेपेला बसला. मग पुन्हा त्या चौकटीत खूण केली. या वेळी पडदा उजळला. माहितीच्या पानावरचं ते लांबलचक नाव जाऊन दुसरं आलं होतं.

मोजणी एकतीस.

आम्ही दोघांनी चहा मागवला. मुलांना तर हा वेग पुरेसा होता. पण बाई चहा पिता पिता पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होत्या.

“सर, हे कासव कशाचं हाय?”

तिथे बारीक चिन्हांची एक रांग होती, आणि तिच्या शेवटी एक इवलंसं हिरवं कासव. मी म्हटलं, “असेल शोभेचं.”

“पहिल्या दिवसापासून पाहून राह्यली मी. मलेबी शोभेचंच वाटलं होतं. पण बाकी सारी चिन्हं कामाची हायेत, आन् हेच एक शोभेचं कसं असल?”

ते शोभेचं नव्हतंच, हे बाईंनी वाचून शोधून काढलं. प्रोसेसरमध्ये अशी आतली यंत्रं चालवण्यासाठी एक खास सोय असते. ती एका वेळी एकाच्याच हातात राहते. दुसऱ्या कुणी ती आधीच धरून ठेवली असेल, तर आपल्या यंत्राला त्याच्यामार्फत, प्रत्येक वेळी परवानगी घेत काम करावं लागतं. मग प्रोग्राम खाली कासव दाखवतो. आता प्रश्न एवढाच राहिला की आमच्या शाळेच्या संगणकात ती सोय धरून बसलंय कोण?

बाईंनी संगणकात असलेल्या प्रोग्रामांची यादी तारखेनं पाहिली. बहुतेक सगळे संगणक आला त्या दिवसाचे होते. बाईंचं व्हर्च्युअल मशीन सोडलं तर एकच नंतरचा होता: मोबाइलवरची अ‍ॅप संगणकावर चालवणारा एक प्रोग्राम. तो बाईंनी टाकला नव्हता, मी तर शक्यच नाही. आणि संगणकाच्या खोलीची किल्ली भगवानरावांकडे असायची.

मला वाटलं, आता हे इथेच थांबवावं. हेडमास्तरांना जाब कोण विचारणार? बाई म्हणाल्या, “जाब कशाले? विचारू.” आणि वही घेऊन सरळ त्यांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग.

त्यांनी कासवाची सगळी गोष्ट सांगितली, नावं न घेता. मग म्हणाल्या, “तो प्रोग्राम शाळेच्या कामाचा असल तर राहू द्या सर. मी एकतीसवर चालवते. नसल तर काढू का, एवढंच विचाराले आली.”

भगवानरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. साठीला आलेला, आवाजानं शाळा चालवणारा माणूस. पण त्या वेळी त्यांचा आवाज खाली आला.

“बसा बाई. सर, तुमीबी बसा.” आम्ही बसल्यावर म्हणाले: “रेणुका आठ महिन्यांपासून हैदराबादले हाय. लेकीचं बाळंतपण झालं, आता नात सांभाळते. घरी मी एकटा. साडेचारले शाळा सुटली का आमी दोघं लुडो खेळतो. ती तिकडून, मी इकडून.”

त्यांनी खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

“मोबाइलवर मले सोंगट्या दिसत नाईत. मोतीबिंदू पिकला नाई, डॉक्टर थांबा म्हणून राह्यले. लाल कोणती, पिवळी कोणती कळत नाई. इचोड्याच्या एका माणसाले बोलावून मोठ्या पडद्यावर लावून घेतलं.” ते खिडकीकडे बघत म्हणाले, “दुसऱ्याले म्हणलं हात लावू नका, आन् मीच लावला.”

बाईंनी विचारलं, “सर, जिंकते कोण?”

भगवानराव दचकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. “तीच जिंकते. रोज. मले वाटते ती फासा फुंकून टाकते.”

बाईंनी त्या दिवशी काहीच काढलं नाही. घरी जाऊन वाचलं, की मोबाइलचा पडदा केबलनं जसाच्या तसा संगणकावर दाखवता येतो. त्यात अ‍ॅप मोबाइलमध्येच चालतं, संगणक फक्त आरशासारखा दाखवतो. त्याला प्रोसेसरची ती सोय लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांच्या परवानगीनं ते लावलं आणि साडेचार वाजता त्यांना समोर बसवलं. तीन दिवस भगवानराव त्यावर खेळले. सोंगट्या आधीइतक्याच मोठ्या दिसतात, असं त्यांनी स्वतः सांगितलं. तिसऱ्या दिवशी रेणुकाबाईंना एका डावात हरवलंही. चौथ्या दिवशी, “आता काढा बाई,” म्हणाले.

जुना प्रोग्राम काढला, त्याच्यासाठी ती सोय धरून ठेवणारं सेटिंग बंद केलं, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. व्हर्च्युअल मशीन उघडताना आम्ही तिघंही खालच्या कडेकडे वाकून बघत होतो. कासवाच्या जागी एक साधं चौकोनी चिन्ह होतं. बाईंनी खिडकी धरली आणि डावीकडून उजवीकडे ओढली. ती माऊसबरोबर गेली, अगदी चिकटून. मोजायला बसल्या तेव्हा नव्वदीच्या पुढं आकडा चुकला, परत सुरुवात केली, पुन्हा चुकला. शेवटी वहीत लिहिलं: ‘नव्वदच्या वर. डोळे दुखले.’

गुरुवारी चंदाला पुढे बोलावून त्यांनी तेच बटण दाबायला लावलं. खिडकी आक्रसत, घसरत खालच्या पट्टीत शिरली. “तिथं गेली!” चंदा म्हणाली, आणि लगेच बोट ठेवून परत बाहेर काढली. मग वर्गातल्या प्रत्येकाला ते करून पाहायचं होतं. तो तास त्यातच गेला, आणि बाईंनी जाऊ दिला.

त्या वहीच्या पानांचे फोटो पुढे शिक्षकांच्या मोबाइलवरून फिरले. नेरडीगोंड्याच्या एका शाळेतल्या प्रतिभा मॅडमचा फोन आला. त्यांनी पानापानाप्रमाणे सगळं केलं होतं. ड्रायव्हर जुळत होता, कासव नव्हतं, तरी मोजणी बाराच. माझी खात्री होती की त्यांचं काहीतरी चुकलं असणार. बाई म्हणाल्या, “त्यायचं काऊन चुकल? आपलंच काई राह्यलं असल.” आणि शनिवारी दुपारची बस धरून नेरडीगोंड्याला गेल्या.

सोमवारी त्या शाळेत आल्या तेव्हा मी विचारलं, काय निघालं. तिथे बाहेरच्या संगणकाचाच ड्रायव्हर कधी बसवलेला नव्हता. बाहेरच्याच खिडक्या ओढून मोजल्या तर त्याही अडखळत होत्या. फक्त तिथं कुणी मोजलं नव्हतं, कारण पहिल्या दिवसापासून तसंच चालत आलं होतं. तो बसवल्यावर आतलंही सुधारलं. पण पूर्ण नाही. साठाच्या आसपास थांबलं.

“साठावर काऊन थांबलं?” मी विचारलं. माझ्या तोंडून तो शब्द सहज निघाला.

“नाई माहीत,” बाई म्हणाल्या. कुणी भेट दिल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला होता. “पुढच्या शनिवारी पुन्हा चालली मी. तुमी येता का? मोजाले दोन माणसं लागतात, एकट्यानं आकडा चुकते.”

मी हो म्हटलं.